न बसलेली पिन

महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता. म्हणून वडिलांनी देऊळगाव राजाहून एक फोटोग्राफर बोलावला. किडकिडीत माणूस, बोलायच्या आधी हसणारा. स्वतःचा कॅमेरा बिघडल्यामुळे त्याने दुसऱ्या कंपनीचा मागून आणला होता. फ्लॅश मात्र जुन्या कॅमेऱ्याचाच होता आणि त्याच्या वायरची पिन यात बसेना. तो पिनेवर फुंकर मारायचा, पुन्हा दाबून बघायचा. शेवटी त्याने दातांनी वायर सोलली आणि आतल्या तारा कॅमेऱ्याला दोऱ्याने बांधल्या.

खोलीत अंधार होता. आईने हट्टाने लुगडं बदललं होतं.

“माय, इकडे पाह्य. हास जरासक,” तो म्हणाला.

फ्लॅश उडाला. आई खरंच हसली.

आठवड्याने तो पुन्हा आला, तो थेट परसातून, माझ्याकडे.

“एक बी फोटो आला नाही, भाऊ. उजेड आंधी पडला अन् कॅमेरा मंग उघडला. आता बरोबरची वायर आणली. मायले पुन्यांदा बसोता का?”

“आई सकाळीच गेली,” मी म्हणालो.

तो नवी वायर बोटांभोवती गुंडाळत राहिला. बोटं पांढरी पडली तरी थांबेना. मग तो आमच्याबरोबर स्मशानापर्यंत आला. नंतर कधी दिसला नाही.

आईचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. त्याचा मात्र डोळ्यांपुढून जात नाही.