मामांच्या कानाला ब्लूटूथ जोडताना

आष्टीच्या बाजारगल्लीत आमचं कापडाचं दुकान होतं. पुढे दुकान, मधे माजघर आणि मागे पडवी. दुकानातल्या गादीपासून पडवीतल्या खुर्चीपर्यंत पंधराएक पावलं होती. लग्न होऊन आल्यापासून माझा दिवस या पंधरा पावलांतच जायचा. सकाळी स्वयंपाक, दुपारी बायका गिऱ्हाईक म्हणून आल्या की साड्यांच्या फळीशी, आणि मधल्या वेळात सासूबाईंचं औषधपाणी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्याबाई.

मामांनी ती गादी पस्तीस-चाळीस वर्षं सांभाळली होती. मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. बाईनं परकराचं कापड मागावं आणि मामांनी पडद्याचं काढून पसरावं, असं दोन-चारदा झालं. गिऱ्हाईक हसलं. दुसऱ्या दिवशी मामा गादीवर बसलेच नाहीत. आमच्या ह्यांना म्हणाले, तू बघ आता. एवढंच. नगरहून कानाचं मशीन आणलं होतं, पण ते कानात शिट्टी वाजवायचं आणि भांड्याचा आवाजसुद्धा डोक्यात घण घातल्यासारखा यायचा. चार दिवसांत ते कपाटात गेलं. मग उरला टीव्ही. मामा तो एवढ्या मोठ्यानं लावायचे, की पलीकडचा सोनार दुकानातून हाक मारून बातम्या काय चालल्यात ते आम्हालाच सांगायचा.

माझे धाकटे दीर पुण्यात कंपनीत होते. मोबाईल नुकतेच आमच्याकडे घरोघरी झाले होते, तेव्हाची गोष्ट. दिवाळीला ते येताना वायर नसलेला मोठा हेडफोन घेऊन आले, ब्लूटूथचा. सोबत टीव्हीला लावायची एक छोटी डबी होती. टीव्हीचा आवाज डबीतून थेट कानात जाणार, बाहेर काही नाही. शिवाय तो मोबाईललाही जोडता यायचा, त्यातून फोनवर बोलताही यायचं. दिरांनी मामांच्या डोक्यावर तो चढवला आणि बटण दाबलं. मामा आधी दचकले. मग बातम्या देणाऱ्या बाईकडे टक लावून बघत राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "लई साफ बोलती की ही." त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ते ओरडून बोलले. आम्ही सगळे हसलो. आत्याबाईंनी कानावर हात ठेवले, पण त्याही हसत होत्या.

दीर दोन दिवसांनी गेले. राहिलं ते जोडण्याचं काम, आणि ते माझ्या वाट्याला आलं, कारण घरात कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स फक्त मी केला होता.

जोडायचं म्हणजे काय, ते सांगते. हेडफोनच्या कडेला एक बटण होतं. ते दाबून धरायचं, निळा आणि लाल दिवा आळीपाळीनं लुकलुकेपर्यंत. लवकर सोडलं तर तो नुसता चालू व्हायचा, फार वेळ धरलं तर बंद. मग डबीवरचं बटण तसंच दाबायचं आणि दोघांचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबायचं. मोबाईलला जोडायचा तर मोबाईलमध्ये शोधायचं, नाव दिसलं की चार शून्यं टाकायची. एकदा जोडलं की लक्षात राहतं, असं दीर म्हणाले होते. पुण्यात राहत असेल. आमच्याकडे लोडशेडिंग होतं. दिवसातून दोन-तीनदा वीज जायची आणि परत आली की डबी सगळं विसरलेली असायची.

मग पडवीतून हाक यायची, "सूनबाई, टोपडं जोडून द्या." हेडफोनला ते टोपडं म्हणायचे. हात कणकेचे असोत, साडी गिऱ्हाइकापुढे अर्धी उलगडलेली असो, हाक आली की जायचं. पदराला हात पुसायचे, बटण दाबायचं, मनात पाच आकडे म्हणायचे. कधी पहिल्या झटक्यात जोडायचं, कधी चार-चारदा करावं लागायचं. मामा तोवर डोकं पुढे करून शांत बसायचे, हजामत करून घेतल्यासारखे. मी कधी बोलले नाही, पण दुसऱ्या महिन्यापासून मला त्या निळ्या दिव्याचा कंटाळा आला. एखाद्या दिवशी वीज गेली की बरं वाटायचं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटायचं.

त्याचं औषध मीच काढलं. आमच्या ह्यांच्या मोबाईलमध्ये मामांना आवडणारी भजनं भरून घेतली. वीज गेली की हेडफोन मोबाईलला जोडायचा आणि मोबाईल दुकानात ह्यांच्यापाशी राहू द्यायचा. तिथून पडवीपर्यंत आवाज जेमतेम पोचायचा, पण पोचायचा. मामा खूश झाले. ह्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, तुला बरं वाटतं तसं कर.

त्याच दिवसांत आत्याबाईंचं दुखणं निघालं. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. त्यांनी हळूच माझा हात धरला आणि छातीवर डाव्या बाजूला नेऊन ठेवला. सुपारीएवढी गाठ होती. कधीपासून आहे विचारलं, तर म्हणाल्या, पाऊस संपल्यापासून असंल. तुम्ही कावून सांगितलं न्हाई, असं मी जरा चिडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, "तू दमलेली असती दिवसभर. तुला कवा सांगू?"

नगरला नेलं. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी अर्धं सांगितलं, अर्धं ठेवलं. म्हणून ह्यांनी तो पुण्याला दिरांकडे धाडला, त्यांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवावा म्हणून. घरात मामांना आणि आत्याबाईंना आम्ही सांगितलं होतं, साधी गाठ आहे, काळजीचं काही नाही.

त्या दिवशी दुपारी वीज नव्हती. मी मामांचा हेडफोन ह्यांच्या मोबाईलला जोडून दिला आणि स्वयंपाकघरात ज्वारी निवडायला बसले. तिथून पडवी दिसायची. मामा खुर्चीत बसून बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होते. पुढे दुकानात मोबाईल वाजला. हे हॅलो, हॅलो म्हणत राहिले, मग आवाज येत नाही म्हणून उठून दारापर्यंत गेले. इकडे मामांची बोटं थांबली. ते ताठ बसले. बराच वेळ तसेच. मग त्यांनी एकदाच "हं" म्हटलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात, समोर कुणी नसताना.

मी जाऊन विचारलं, बंद पडलं का? त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "आज नको," म्हणाले. मी बटण दाबून तो बंद केला आणि फळीवर ठेवला.

दिरांचा फोन पुन्हा आला. या वेळी ह्यांना नीट ऐकू आलं. हे माजघरात आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कॅन्सर होता. ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. मला हे सांगून झाल्यावर म्हणाले, "तो म्हणतोय, मगाशीच सगळं सांगितलं आणि तू हं म्हणालास. मला तर काहीच ऐकू आलं न्हाई. ह्या नेटवर्कचं काय खरं न्हाई." दिरांनी आणखी एक बजावलं होतं. अप्पांना कळू देऊ नका, त्यांना झेपायचं नाही. हे दोघे भाऊ मामांना अप्पा म्हणत.

फोन चालू असताना हेडफोन जोडलेला असला की आवाज कुठे जातो, ते त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. मला तेव्हाच कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. कळलं, आणि मी ते बाजूला सारलं. मामांपुढे बसून विचारायचं, तुम्ही ऐकलंत का, आणि ते हो म्हणाले तर पुढचं सगळं बोलायचं, एवढं बळ माझ्यात त्या दुपारी नव्हतं. चुलीवर, म्हणजे गॅसवर, डाळ होती. दुकानात बाया येऊन बसल्या होत्या. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

पुढचे तीन आठवडे आम्ही लपवालपवी केली. रिपोर्ट साड्यांच्या खोक्यात ठेवले. नगरला तपासण्यांना जाताना दर वेळी वेगळं कारण शोधलं. कधी रक्त कमी आहे, कधी डॉक्टर सुट्टीवर होते. फोनवर बोलायला हे गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचे. काय सांगितलंय आणि काय नाही, हे लक्षात ठेवता ठेवता माझं डोकं दुखायचं. कामानं आलेला शीण झोपल्यावर उतरतो, हा उतरत नव्हता.

आणि मामा बदलले. टोपडं जोडून द्या, अशी हाक बंद झाली. मी आपणहून विचारलं, तर नको म्हणाले. एके दिवशी बघितलं तर त्यांनी कपाटातलं कानाचं मशीन काढून घातलं होतं. ते शिट्टी मारायचं, मामांचा चेहरा आंबट व्हायचा, पण काढायचे नाहीत. आत्याबाईंच्या शेजारी पाटावर बसून लसूण सोलायचे. त्या बोलत असायच्या, माहेरचं, भावाच्या मुलांचं, लिंबागणेशच्या जत्रेत त्यांची चप्पल हरवली होती ते. मामा ऐकत असायचे. लग्नानंतर इतकी वर्षं मी त्यांना असं एकमेकांजवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. मला मात्र आधी वाटलं ते एवढंच, की चला, एक काम कमी झालं.

ऑपरेशनचा दिवस ठरला. आता काहीतरी सांगणं भाग होतं. आदल्या सकाळी हे मामांसमोर बसले. मीही दाराशी उभी राहिले. ह्यांनी ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली, आईच्या पित्ताशयात खडे झालेत, छोटं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी येऊ. मामांनी बोलू दिलं. संपल्यावर म्हणाले, "खडे न्हाईत. मला म्हाईत हाय."

मग मामांनी माझ्याकडे बघितलं.

"त्या दिशी कानात आलतं. धाकटा बोलत व्हता. त्यानं इचारलं, ऐकतोस ना, मंग मी हं म्हणलो."

मी खाली बघितलं. ह्यांनी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? मामा म्हणाले, "तुमी दोघं लपवायला लई धडपडत व्हता. म्हणलं, कशाला अजून तरास द्यावा."

ह्यांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, निदान आईला तरी यातलं काही कळू देऊ नका. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्याबाईच आल्या. त्यांच्या हातात नगरला न्यायची पिशवी होती, भरलेली, वर घडी घातलेला टॉवेल. त्या म्हणाल्या, "मला त्याच दिशी सांगितलं ह्यांनी. संध्याकाळी दिवा लावला तवा."

मला राग आला, खरंच आला. तीन आठवडे आम्ही जीव आटवला होता, आणि हे दोघे पाटावर बसून लसूण सोलत होते. मग तो राग ओसरला आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसले. आत्याबाईंनी पिशवी ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी माझं सांत्वन करावं, हे उलटंच होतं.

ऑपरेशन झालं. त्यानंतर इंजेक्शनांच्या फेऱ्या सुरू झाल्या, दर तीन आठवड्यांनी नगर. मामा प्रत्येक फेरीला आले, एकही चुकवली नाही. आत्याबाईंचे केस गेले, चव गेली, पण त्या त्यातून उठल्या आणि पुढे चार वर्षं जगल्या. त्या चार वर्षांत आमच्या घरात कुणी कुणापासून दुखणं लपवलं नाही. चांगलं वाटायचं त्याचं, पण सोपं नव्हतं. दुखलं की दुखतंय असं त्या सरळ सांगायच्या, आणि ते ऐकून घ्यावं लागायचं.

त्यातली एक फेरी आठवते. उन्हाळा होता. परतीच्या एसटीत आम्हा तिघांना शेजारी जागा मिळाली. आत्याबाईंना खिडकी द्यायला मी उठले, तर त्यांनी मलाच खिडकीकडे ढकललं. मी म्हणाले, तुम्हाला मळमळतं ना. त्या म्हणाल्या, "आज न्हाई मळमळत. तू नीज जरा." मामांनी कंडक्टरला हाताने खूण केली, की आष्टी आली की सांगा. वाटेतल्या कडा गावाच्या अलीकडे कुठेतरी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी आष्टीच्या स्टँडवर उभी होती, माणसं उतरून गेली होती, आणि ते दोघे मला न उठवता तसेच बसून होते.