भाजलेली माती

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता ढोकणेबाईंनी आवक विभागात एक अर्ज दिला. आपण स्वतः सही केलेलं एक प्रमाणपत्र रद्द करावं, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी पोच घेतली. दुपारी साडेतीन वाजता अधीक्षकांनी त्यांच्याकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या घेतल्या. चार वाजता बाई ग्रंथालयात आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आता मला वाचायला येळ हाय."

मी मास्तर नव्हतो. नगरमधल्या एका सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत मी ग्रंथपाल होतो. पण पहिल्याच आठवड्यात बाईंनी ठरवून टाकलं होतं की पुस्तकं राखतो तो मास्तरच. त्या देवळाली प्रवऱ्याच्या. अहवाल लिहीत ते काटेकोर, शुद्ध मराठीत. बोलत मात्र गावचं, आणि वरिष्ठांसमोरही ते बदलत नसत. नवरा लग्नानंतर चार-पाच वर्षांतच गेला होता, मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही वेळापत्रकातली सुट्टी सांगावी तसं.

त्यांचं काम काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला मला नेहमी वेळ लागे. पाऊस पडला की रस्त्यावरचं तेल, टायरची भुकटी, शेण, डिझेलची काजळी असं सगळं धुऊन गटारात येतं आणि तिथून नाल्यात किंवा विहिरीत उतरतं. हे पाणी वाटेत गाळून घेणारे मोठे संच कंपन्या बनवतात. सिमेंटची पेटी, आत जाळ्या, खडी, वाळूचे थर. गावात त्याला सगळे नुसतं फिल्टर म्हणतात. सरकारी पैशातून असा फिल्टर बसवायचा तर त्याला आमच्यासारख्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. संच तपासून ते प्रमाणपत्र द्यायचं किंवा नाकारायचं, हे बाईंचं काम होतं.

नियमात चाचणी वाळूची होती. बंद पोत्यांतून येणारी, एकसारख्या दाण्याची, धुतलेली वाळू. ती पाण्यात कालवायची, पाणी संचातून सोडायचं आणि किती वाळू अडली ते मोजायचं. बाई ही चाचणी नियमाप्रमाणे करत, पण तिच्यावर त्यांचा जीव नव्हता. "वाळू खोटं बोलत न्हाई, मास्तर," त्या म्हणत. "पन ती कदी नगरला आलेलीच न्हाई."

म्हणून त्या दुसरी चाचणी करत, आणि ती नियमात नव्हती. उन्हाळ्यात एखाद्या रविवारी झाडू आणि गोणी घेऊन त्या बाहेर पडत. मार्केट यार्डाचं फाटक, बसस्थानकाची मागची बाजू, औद्योगिक वसाहतीतला ट्रकतळ अशा ठिकाणचा रस्ता स्वतः झाडून धूळ गोळा करत. एकदा मी सोबत होतो. यार्डातला एक आडत्या ओट्यावरून म्हणाला, "मावशी, आमच्या दुकानाम्होरं बी मारा की जरा."

"मारते. पन कचरा माजा."

"न्या की. कचऱ्याचं काय करता?"

"परीक्षेला बसवते."

आडत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ही माती संस्थेच्या गच्चीवर, पत्र्याखाली, सावलीत आठ-दहा दिवस पसरलेली असे. मग ती चाळून पत्र्याच्या डब्यांत जाई आणि डब्यांवर ठिकाणांच्या चिठ्ठ्या लागत. आपल्याकडच्या रस्त्यावर शेतांतली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून येते. ती इतकी बारीक असते की पाण्यात सुटली की दिवसभर खाली बसत नाही. वाळूच्या चाचणीत उत्तम ठरलेले कितीतरी संच या मातीपुढं हरले. नापास झालेल्या कंपनीला बाई बोलावून घेत आणि थर कसे बदलावेत ते सांगत. काही जण ऐकत. बाकीचे दुसऱ्या जिल्ह्यातून प्रमाणपत्र आणत.

"मॅडम, नियमात वाळू आहे," एक प्रतिनिधी एकदा कुरकुरला. "माती कशाला? थोडा भरवसा ठेवा की."

"भरवशावर बिनदाराची घरं, ती शिंगणापूरला," बाई म्हणाल्या. "हितं कडी लावावी लागती."

हळूहळू 'बाईंच्या मातीत पास' असा शब्द गावोगावच्या ग्रामसेवकांत रूढ झाला. कागदावर त्याला काही किंमत नव्हती. लोक मात्र प्रमाणपत्र बाजूला ठेवून आधी तेच विचारत.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे, त्या मे महिन्यात वळवाचा पाऊस थांबतच नव्हता. गच्चीवरची माती दोनदा भिजली. एका नव्या कंपनीचा संच तपासणीला आला होता आणि पावसाळ्याआधी तो बसवायचा म्हणून वरून रोज विचारणा होत होती. बाईंनी ओली माती ट्रेमध्ये भरून प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ती खणखणीत वाळली. त्यांनी ती कुटली, चाळली, पाण्यात कालवली आणि संचातून सोडली.

पाणी निवळशंख बाहेर आलं. मी तेव्हा तिथं होतो. बाईंनी पेला खिडकीच्या उजेडात धरला. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. "कुनीतरी ऐकलं म्हनायचं," त्या म्हणाल्या. त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली. महिन्याभरात कंपनीनं पत्रक छापलं, त्यावर ठळक अक्षरांत होतं: नगरच्या मातीवर तपासलेला.

पहिला संच ट्रकतळाच्या खालच्या अंगाला एका वस्तीवर बसला. तळावरून येणारं पावसाचं पाणी त्यातून गाळून विहिरीशेजारच्या खड्ड्यात जिरवायचं, म्हणजे विहिरीला पाणी वाढेल, अशी योजना होती. विहीर पिण्याच्या पाण्याची होती.

पास केलेला प्रत्येक संच पहिल्या मोठ्या पावसानंतर जाऊन पाहायचा, हा बाईंचा शिरस्ता होता. कुणी पाठवत नसे, प्रवासभत्ता मिळत नसे. त्याप्रमाणे त्या वस्तीवर गेल्या. तिथं पारूबाई नावाची एक म्हातारी विहिरीजवळ राहायची. तिनं बाईंना ओट्यावर बसवलं.

"औंदा पानी लई आलंय हिरीला," पारूबाई म्हणाली. "वास येतुया थोडा. च्या घेता ना? पानी तिचंच हाय."

बाईंनी चहा घेतला. मग संचाच्या तोंडाशी एक बाटली भरली आणि शेवटाशी एक. दोन्ही बाटल्या सारख्याच काळ्या होत्या, दोन्हींवर तेलाचा तवंग होता. कुठंतरी फुटलं असेल म्हणून त्यांनी झाकण काढून घेतलं. आत सगळं धड होतं. प्रत्येक जाळी जागेवर, प्रत्येक थर सरळ. हे मला सांगताना त्या म्हणाल्या, "फुटल्यालं असतं तर बरं झालं असतं."

परत येऊन त्यांनी मे महिन्यातल्या त्या मातीचा उरलेला डबा काढला. एका पेल्यात ती माती घातली, दुसऱ्यात ट्रकतळावरून आणलेली ताजी. दोन्ही ढवळून ठेवल्या. पहिला पेला दहा मिनिटांत निवळला. दुसरा दुसऱ्या दिवशीही गढूळ होता. ओव्हनच्या आचेनं काळ्या मातीचे बारीक कण एकमेकांना धरून बसले होते आणि त्यांचे दाणे झाले होते. कुटूनही ते सुटले नव्हते. बाईंनी संचातून सोडली ती माती राहिलेलीच नव्हती, एक प्रकारची वाळूच झाली होती.

त्या ग्रंथालयात आल्या. समोर दोन विद्यार्थी वाचत बसले होते. त्यांनी आवाज खाली ठेवला.

"मास्तर, म्या माती भाजली."

मला कळलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मग म्हणाल्या, "गच्चीवर सावलीत का वाळवायची, हे पोरांना मीच शिकिवते. परीक्षेत इचारते."

बाटल्या भरून आणल्या त्याच दिवशी त्यांनी वस्तीवर फोन करून पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण तोवर ते गढूळ पाणी कितीतरी दिवस प्यायलं गेलं होतं. पुढं वस्तीवर काविळीचे रुग्ण निघाले. बहुतेक बरे झाले. पारूबाई झाली नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळंच असं सांगता येणार नाही, या दिवसांत सगळीकडेच साथ असते. ते खरं असेल. आजही मला नक्की माहीत नाही. बाईंना मात्र शंका नव्हती.

दहाव्याला त्या गेल्या तेव्हा मीही गेलो. पारूबाईच्या मुलानं बाईंना ओळखलं, बसायला सतरंजी टाकली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "बाई, तुमी कशाला जिवाला लावून घेता? तुमी तर मशीन चांगलं तपासून दिल्यालं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर त्यांना सोसला असता, असं मला वाटतं. हा शनिवार होता. सोमवारी त्यांनी अर्ज दिला.

अर्ज देऊ नका, असं मी रविवारी त्यांना घरी जाऊन सांगितलं होतं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. दोष कुणाला दिसणार नव्हता, कारण नियमातली वाळूची चाचणी बरोबरच होती. ओव्हनचं फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

"तोच फिल्टर आनखी गावांत बसायलाय," त्या म्हणाल्या. "का बसायलाय? माज्या मातीत पास झाला म्हनून. मग मी गप बसू?"

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना समोर बसवून शांतपणे समजावलं. "बाई, फाइलमध्ये वाळूची चाचणी आहे. ती उत्तीर्ण आहे. तुमची मातीची चाचणी फाइलमध्ये नाही. जी चाचणी कागदावर झालीच नाही, तिच्यात चूक झाली म्हणून प्रमाणपत्र कसं रद्द करायचं?"

"लोकांनी तीच बगून घेतलाय, सर."

"लोकांनी काय बघावं, ते आपल्या हातात नाही."

चौकशी झाली, पण संचाची नाही. सरकारी प्रयोगशाळेत नियमाबाह्य सामग्री विनापरवानगी का वापरली, एवढाच प्रश्न होता. बाईंनी एका ओळीत उत्तर लिहिलं: वापरली, कारण पाऊस वाळूवर पडत नाही. ही ओळ काढा, अशी मी त्यांना विनंती केली. त्यांनी काढली नाही. उरलेलं वर्ष त्यांना भांडारात बसवण्यात आलं. गच्चीवरचे डबे भंगारात गेले.

भांडारात काम नव्हतं. बाई सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर तर रोजच गावोगाव जाऊ लागल्या. कुठल्या गावानं तो संच मागवला आहे याची माहिती त्या ग्रामसेवकांकडून काढत आणि ग्रामसभेला हजर राहत. पिशवीत दोन काचेचे पेले, भाजलेल्या मातीची पुडी आणि साध्या मातीची पुडी. सभा सुरू होताना दोन्ही पेले ढवळून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचं, सभा संपेपर्यंत याच्याकडं बगत ऱ्हावा.

पाथर्डीकडच्या एका गावात मी त्यांच्याबरोबर होतो. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं, सभेला म्हातारी माणसंच जास्त. सरपंच तरुण होता. तो म्हणाला, "बाई, आदी तुमीच पास म्हनला, आता तुमीच नापास म्हनता. उद्या परत पास म्हनाल."

"म्हनन की. पन त्या आदी ह्यो पेला निवळाया पायजे."

मागून कुणीतरी बोललं, "आमच्या हिरीला पानीच न्हाई. गढूळ तर गढूळ, येऊ तर द्या." लोक हसले.

बाई हसल्या नाहीत. "गढूळ मी पाजलंय," त्या म्हणाल्या. "एक बाई गेली त्यात."

सरपंचानं विचारलं, "तसा कागद हाय का काही?"

"कागद न्हाई. म्हनून तर मी आलेय."

सभा संपली तेव्हा एक पेला स्वच्छ होता आणि दुसरा तसाच काळा. त्या गावानं संच नको म्हणून ठराव केला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावानं बाईंचे पेले पाहिले, चहा पाजला आणि संच बसवला. निधी परत गेला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी त्यांना दोष दिला नाही. एसटीत त्या मला म्हणाल्या, "त्येंच्या जागी मी आसते तर सहीवाल्या बाईवर इस्वास ठिवला आसता, का पिशवीवाल्या बाईवर?"

दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांची छाती दुखू लागली. देवळालीहून भावानं त्यांना नगरच्या दवाखान्यात आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. आवाज फार बारीक झाला होता.

"मास्तर, आवकमदी इचारलं का? माज्या अर्जाचं काय झालं?"

मी त्याच सकाळी विचारून आलो होतो. अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला आहे, एवढंच उत्तर अडीच वर्षांपासून मिळत होतं. काहीतरी बरं सांगावं असं मनात आलं. त्यांच्यापुढं ते जमलं नाही.

"काही झालं नाही, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. चौथ्या दिवशी त्या गेल्या. अंत्यविधी देवळालीला झाला. संस्थेतून आम्ही तिघं होतो. पारूबाईचा मुलगा आला होता, त्याला कुणी कळवलं ते मला माहीत नाही.

वस्तीवरची विहीर वापरात नाही. तिथं आता टँकर येतो. प्रयोगशाळेत नवे अधिकारी आहेत, ते फक्त वाळूची चाचणी करतात. ज्या गावांनी ठराव केले तिथं तो संच बसला नाही, बाकीच्या गावांत बसला आणि अजून बसतो आहे. प्रमाणपत्र रद्द झालेलं नाही. त्याची मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत, आणि त्यावर सही ढोकणेबाईंची आहे.