मांडव कधी काढताय?

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातल्या सुनेत्रा लिमये दारात उभ्या राहिल्या, की माणसं आधी त्यांच्या खांद्यावरची पिशवी बघतात. पिशवीत मोजायची टेप असते. मग घाईघाईनं म्हणतात, "या या मॅडम, सरबत घेता?" बाई घेतात. आमसुलाचं असेल तर दुसऱ्यांदाही घेतात. "सरबत पिते नि भिंत पाडते," असं त्यांच्या पाठीमागे लोक म्हणतात, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक आहे. त्या नुसत्या हसतात. "बिनसरबताची पाडली असती तर जास्त शिव्या खाल्ल्या असत्या," म्हणतात.

माहेर त्यांचं नाटे गावचं, वडील टपालखात्यात. डिप्लोमा करून नोकरीला लागल्या तेव्हा कंत्राटदार लोक त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायचे, "साहेब कुठायत?" बाई म्हणायच्या, "मीच साहेब. बोला." चार-सहा जणांना असं बोलायला लावल्यावर तो प्रश्न गावातून गेलाच.

आता रत्नागिरीची एक खोड सांगायला हवी. पाऊस सरला की इथं घरोघर अंगणात मांडव घालतात. खांब पुरायचे, वर माडाच्या विणलेल्या झापा टाकायच्या, खाली सुपारी वाळवायची, उन्हाळ्यात दुपारी तिथंच आडवं व्हायचं. पावसाच्या तोंडावर मांडव काढायचा. काढायचाच आहे म्हटल्यावर एखादा खांब हातभर वाटेत आला तरी कोण कशाला बोलेल? पण पुढं बांबूंच्या जागी लोखंडी पाइप आले, झापांच्या जागी पत्रे. पत्र्याला पावसाचं कसलं भय? मांडव राहिला. दुसऱ्या वर्षी खाली लादी आली, तिसऱ्या वर्षी कठडा. आणि मालक छातीवर हात ठेवून सांगणार, "छे हो, मांडव तो!" गंमत म्हणजे खोटं बोलत नसतो बिचारा. त्याला खरंच तसं वाटत असतं.

म्हणून सुनेत्राबाई दारात 'अतिक्रमण' हा शब्द कधी काढत नाहीत. मे महिन्यात सरबत संपवून, पेला खाली ठेवून एवढंच विचारतात, "मग, मांडव कधी काढताय?" मांडव काढण्यात कुणाची अब्रू जात नाही. या एका वाक्यावर बाईंनी गावातल्या कितीतरी वाटा मोकळ्या केल्या.

यंदा मात्र गाडी अडली ती वरच्या पाखाडीला. पाखाडी म्हणजे घरांमधून वर जाणारी चढणीची वाट. तिच्या पायऱ्या मोडून पालिकेनं सिमेंटचा उतार केलाय. अगदी टोकाला गंगुबाईचं घर, म्हणजे होतं. गेल्या पावसात त्याची एक बाजू बसली आणि तेव्हापासून म्हातारी निळ्या ताडपत्रीखाली राहते. दिवसभर आंब्याच्या बागेत पेट्या भरायच्या आणि परत ताडपत्रीखाली यायचं. यंदा तिला घरकुल मंजूर झालं. ते व्हावं म्हणून सुनेत्राबाई स्वतः कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आल्या होत्या. अट एकच, पावसाआधी चौथरा उभा राहायला हवा, नाहीतर मंजुरी रांगेतल्या पुढच्या माणसाला. चौथऱ्याला जांभ्या दगडाचे चिरे हवेत, चिऱ्यांना टेम्पो हवा, आणि टेम्पो महिपतच्या मांडवाशी येऊन थांबला. डोक्यावरून एवढे चिरे वर नेणारी माणसं आता मिळतात कुठं?

महिपत रिक्षा चालवतो. रिक्षा मांडवाखाली, मांडव अर्ध्या वाटेत. बाईंनी सरबत घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

महिपत कसला खट! गालातल्या गालात हसत म्हणाला, "काढतो की. आत्ता काढतो. पण मॅडम, तुमच्या घरचा मांडव काढलाव काय?"

बाईंच्या घरी सासऱ्यांचा, अप्पांचा मांडव होता. श्रीपती लिमये, निवृत्त मुख्याध्यापक. पाइपचा मांडव, वर पत्रा, खाली झोपाळा, आणि झोपाळ्यावर पेपर घेऊन अप्पा. त्याचे दोन खांब वाटेत होते. बाई रोज त्याखालून स्कूटर काढत, टेप खांद्याला लावून! दुसऱ्याच्या दारातला बोटभर पुढं आलेला खांब यांना लांबून दिसायचा, आणि स्वतःच्या दारातला कधी दिसला नाही. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या निघेल," त्या म्हणाल्या. "मग तुझा."

घरी येऊन त्यांनी आधी टेप लावली. अप्पा झोपाळ्यावरून बघत होते.

"अगो, हे काय चाललंय?"

"अप्पा, मांडव कधी काढताय?"

अप्पा मोठ्यानं हसले. मग सुनेचा चेहरा बघून हसायचे थांबले. "मला सांगतेस? गावाचं काढ आधी, मग माझं."

"तुमचा असताना गावाला काय सांगू? गंगुबाईचे चिरे खाली अडकलेत. चौथरा झाला नाही तर तिचं घर गेलं, अप्पा."

"आणि माझा झोपाळा?"

"माजघरात टांगू."

अप्पा उठून आत गेले. संध्याकाळी जेवले नाहीत की बोलले नाहीत. सकाळी माणसं पाइप कापायला आली, तर चहाही न घेता काठी घेऊन बाहेर पडले. या माणसानं सुनेत्राबाईंना कधी सुनेसारखं वागवलं नव्हतं, पोरीसारखं वागवलं होतं. पण शिडी धरून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच, पत्रा उतरेपर्यंत.

तशाच स्कूटरला किक मारून त्या वरच्या पाखाडीला गेल्या. खाली टेम्पो भरून उभा, गंगुबाई शेजारी. वर बघतात तो महिपतच्या मांडवाखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, काठी आडवी धरून अप्पा! बाईंनी स्कूटर तिथंच लावली. म्हातारा जाऊन त्याच्या बाजूनं बसला की काय?

जवळ गेल्या तर अप्पांचा आवाज चढलेला. वर्गात चढायचा तसाच. महिपत त्यांच्याच हाताखालचा विद्यार्थी.

"माझा निघाला ना रे? सुनेनं काढला, माझ्या डोळ्यांदेखत. आता तुझा राहिला तर लोक मला काय म्हणतील? लिमये मास्तर येडा, उगाच झोपाळा माजघरात टांगला! तुझा निघेपर्यंत मी इथनं हलणार नाही. बस, बघत बस."

महिपत पाना घेऊन उभा होता, घामाघूम. "सर, काढायचा हाय ओ. सकाळपासून तेच सांगतोय. पण तुमी खुर्चीतनं उठलाव तर काढीन ना! पत्रा डोक्यात पडंल तुमच्या."

अप्पा उठले. सुनेकडे न बघताच म्हणाले, "घरी चहा आहे का काही, की तोही काढलास?"

"आहे, अप्पा," बाई म्हणाल्या. त्यांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

पत्रे उतरले, पाइप निघाले, रिक्षा भिंतीच्या कडेला सरकली. टेम्पो गुरगुरत चढू लागला. महिपत मागनं रेटत होता. गंगुबाई पुढं उलटी चालत, हात पसरून ड्रायव्हरवर ओरडत होती, "हळू रं, महिपताच्या पायरीला लावशील! त्याचं कायपन मोडू नको!"

टोकाला पोचल्यावर ड्रायव्हर खाली उतरला. समोर नुसती लाल माती, एका कडेला ताडपत्री. "आजी, चिरे हितंच उतरवू?"

गंगुबाई लगबगीनं त्या मोकळ्या मातीत जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला.

"हितं नको," ती म्हणाली. "हितं माझं दार येतंय."