वाइनच्या आधी काय झालं

"वाइनचं सांग, डॅड. आणि फुलांचं. दोनच मिनिटं आहेत."

चहाचा ट्रे घेऊन मी केअर होममधल्या त्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा तिथल्या आजोबांची मुलगी त्यांच्या कोटावरची पदकं सरळ करत होती. तीच सत्तरीला आलेली. फ्रान्समधल्या एका छोट्या गावाच्या नगरपालिकेचं पत्र आलं होतं. महायुद्धात आजोबांच्या तुकडीने ते गाव जर्मनांच्या ताब्यातून सोडवलं, त्याचा दरवर्षी समारंभ होतो. सोडवणाऱ्यांपैकी आता हयात असलेले बहुधा हे एकटेच. प्रवास शक्य नव्हता, म्हणून गावाने दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता. चौकात पडदा लावून सगळ्यांना दाखवणार होते.

"फोन तू धरतेस का?" मुलीने मला विचारलं. "माझा हात थरथरतो."

मी ट्रे ठेवला आणि फोन घेतला.

नॉटिंगहॅमला मास्टर्स करत असताना शनिवार-रविवार मी म्हाताऱ्या माणसांच्या त्या केअर होममध्ये काम करायचे. उठवणं, अंघोळ, औषधं, भरवणं हे सगळं मला जमायचं. गप्पा मारणं हाही कामाचाच भाग होता, तो जमायचा नाही. इंग्लिश मीडियमच्या शाळेत दहा वर्षं काढून माझं इंग्लिश चांगलं झालं होतं, पण ते बोलायला तोंड उघडावं लागतं. या आजोबांना माझं गप्प राहणं चालायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं तर ते म्हणाले, "सर ऑफिसरांना म्हणतात, डक. मी ऑफिसरांचे केस कापायचो." तिथली जुनी माणसं प्रेमाने सगळ्यांनाच 'डक' म्हणतात.

त्यांच्या वडिलांचं सलून होतं. मुलगा अठराव्या वर्षी सैन्यात गेला तो वडिलांचं केस कापायचं मशीन बरोबर घेऊनच. बॅटरीचं नाही, हाताने दाबून चालवायचं. लढाईत बंदूक, आणि तुकडी थांबली की तुकडीचा न्हावी. युद्ध संपल्यावर मात्र त्यांनी पुन्हा कोणाचेही केस कापले नाहीत. लेसच्या कारखान्यात जन्म काढला. मी त्यांना कारण विचारलं नाही. बहुधा म्हणूनच त्यांनी मला ते सांगितलं.

वाइनची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. गावकऱ्यांनी कौतुकाने बाटली दिली, आजोबांना बूच काढता येईना, शेवटी संगिनीने काढलं. नातवंडं नाताळात तिची नक्कल करायची. त्याच्या आधीचं त्यांनी मला सांगितलं, एका शनिवारी, मी त्यांची नखं कापत असताना.

गाव सोडवायच्या आधी त्यांच्याच बाजूच्या विमानांनी निम्मं पाडलं होतं. ढिगाऱ्याखाली माणसं होती, वास येत होता, तरी लोक फुलं घेऊन रस्त्यावर आले. दुपारी बेकरीसमोर खुर्ची टाकून हे सोबत्यांचे केस कापत बसले. तेवढ्यात दंडाला भूमिगत चळवळीची पट्टी बांधलेले दोन गावकरी आले आणि मशीनकडे बोट करून हात पुढे केला. मागे हौदापाशी चार बायका उभ्या केल्या होत्या. जर्मन सैनिकांबरोबर राहिल्या, असा त्यांच्यावर आरोप; शिक्षा म्हणून सगळ्यांसमोर मुंडण. लोक थुंकत होते. सार्जंट म्हणाला, त्यांचं ते बघतील, आपण मध्ये पडायचं नाही. यांनी मशीन दिलं.

"त्या माणसाला ते चालवता येईना," आजोबा म्हणाले. "केस ओढले जात होते, रक्त आलं. मला बघवेना. म्हणून मी गेलो, मशीन घेतलं आणि त्याला दाखवलं. असं सपाट धरायचं, घाई करायची नाही. कपाळापासून मानेपर्यंत पहिला पट्टा मीच काढला. माझ्याच वयाची होती, डक. मान इतकी स्थिर धरली होती, एखादं गिऱ्हाईक धरतं तशी."

संध्याकाळी मशीन परत आलं. पुसून स्वच्छ केलेलं. सोबत आभार म्हणून वाइनची बाटली.

"मला नाही म्हणता आलं असतं का?"

आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, त्रास देणारा विषय निघाला की माणसाला हळूच दुसरीकडे न्यायचं. मी म्हणाले, "तुम्ही एकोणीस वर्षांचे होतात." मग विचारलं, "चहा आणू?" त्यांनी मान हलवली, रिसेप्शनवर 'थोडं थांबा' सांगितल्यावर माणसं हलवतात तशी.

त्या संध्याकाळी परत जाताना ट्राममध्ये मला घरच्या अल्बममधला एक फोटो आठवत राहिला. सगळं कुटुंब खुर्च्यांवर, आणि कडेला जमिनीवर माझी खापरपणजी, कपाळापर्यंत पदर ओढलेली. लहानपणी मी विचारलं होतं, हिचं डोकं इतकं छोटं का? आत्या म्हणाली होती, "तेव्हा तशीच पद्धत होती, नवरा गेला की." पुढे कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. पंचविशीही न गाठलेल्या बाईसमोर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी वस्तरा घेऊन बसत होतं, हे मी त्या ट्राममध्ये पहिल्यांदा शब्दांत मनात आणलं. फोनवर शोधत गेले तेव्हा मुंबईच्या न्हाव्यांबद्दल वाचलं. एकेकाळी त्यांनी सभा भरवून ठरवलं होतं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. पोटावर पाय येणार हे माहीत असून.

हे मी आजोबांना सांगितलं नाही. त्यांनी तोच प्रश्न नंतर दोनदा विचारला. दोन्ही वेळा मी त्यांचं वय सांगितलं.

व्हिडिओच्या आदल्या शनिवारी ते म्हणाले, "तिचं कोणी असेल त्या गावात. मुलगी, नात. मशीन आमचं होतं आणि पहिला हात माझा होता, हे त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं. पुढच्या वर्षी मी नसेन." मग म्हणाले, "पण माझ्या मुलीसमोर जीभ उचलेल असं वाटत नाही."

तर मी फोन धरून उभी होते. पहिल्या वेळी त्यांनी गावाचं नाव घेतलं आणि खोकला आला. दुसऱ्या वेळी फुलांपर्यंत पोचले. "आणि वाइन," मुलगी फोनच्या बाजूने कुजबुजली. तिसऱ्या वेळी ते वाइनपर्यंत आले.

"त्यांनी मला एक बाटली दिली," ते म्हणाले आणि थांबले. रेकॉर्डिंगचे लाल आकडे पुढे सरकत होते. अठ्ठावीस, एकोणतीस.

"बूच, डॅड. संगिनीचं सांग ना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फोनच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"मला नाही म्हणता आलं असतं का, डक?"

मुलगी हसली. "वाइनला? तू? जन्मात नाही!" मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "दमलाय तो. बंद कर, आपण मागचाच पाठवू. फुलांपर्यंतचा छान आलाय."

माझा अंगठा बटणावर होता. समोर नव्याण्णव वर्षांचा माणूस हात मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी आता पुन्हा त्याचं वय सांगणार हे त्याला माहीत होतं. मी अंगठा बाजूला घेतला.

"हो, म्हणता आलं असतं तुम्हाला," मी म्हणाले. "फोन चालू आहे. सांगा."