भरदुपारी लागलेला दिवा

भिया, एक सांगा, पैसा ठेवायचा तर विश्वास कोणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, ठसठशीत टिळा लावणाऱ्यावर, की तंबूत बसून दुसऱ्याच्या लोभाला शिव्या घालणाऱ्यावर?

मी देवासच्या बाजारात कापड विकतो. शाळा फारशी पाहिली नाही. जे शिकलो ते गज हातात धरून आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून. दुकानात कातरणं साठतात, कोणाच्या अंगरख्याची, कोणाच्या चोळीची. तसे माझ्याकडे किस्से साठतात. फेकवत नाहीत. आज त्यातले एकाच थानाचे काढतो. हलत्या चित्रांचा तंबू आमच्या मुलखात आला, तेव्हाचे.

*

तंबू आधी धारला लागला होता. मी साडूच्या मुलाच्या मुंजीला गेलेलो. मुंज आटोपली आणि सगळे पाहुणे जेवणाच्या पंगतीतून उठून थेट तंबूत.

गोष्ट विलायतेतल्या एका बँकवाल्या सेठाची. चित्रं मुकी, म्हणून पडद्याशेजारी एक माणूस काठी घेऊन उभा राही आणि काय चाललंय ते हिंदीत सांगे. हा सेठ लोकांच्या ठेवी घेतो आणि त्यावर मेजवान्या झोडतो. एका मेजवानीत तर त्यानं आपला घोडा गालिच्यावरून आत आणवला आणि चांदीच्या घंगाळात बाटल्यांवर बाटल्या ओतून त्याला दारू पाजली.

तंबूतले लोक माना उंचावून पाहू लागले.

माझ्या शेजारी अमझेऱ्याचा एक टांगेवाला होता. तो उठला आणि काठीवाल्याला म्हणाला, "दारू तो ठीक है भिया, पण इको दाणो कद मिलेगो?"

काठीवाला म्हणाला, दाण्याचं चित्रात काही नाही. टांगेवाला बाहेर गेला, आपल्या घोड्याच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. पुढचा खेळ त्यानं पाहिलाच नाही.

*

त्याच खेळाला मांडूचा एक म्हातारा होता. साहेबलोकांना तिथले पडके महाल हिंडून दाखवायचे, हा त्याचा धंदा. पडद्यावर सेठाचा बंगला आला. खांब, झुंबरं, कारंजी. साडू तर आ वासून बसला. म्हातारा मात्र जांभया देत होता.

"बाबा, असा महाल पाहिलात का कधी?" साडूनं विचारलं.

"चांगला आहे," म्हातारा म्हणाला. "छपरं पडली की मला बोलवा. मग मी दाखवीन लोकांना."

*

पुढे तंबू देवासला आला. आमचं देवास म्हणजे गाव एक आणि महाराज दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. राज्यं वेगळी, जकात वेगळी.

तंबूवाला मोठा पोचलेला. त्यानं तंबू असा ठोकला की पडदा थोरल्या पातीत आणि बसायची जागा धाकट्या पातीत. थोरल्यांचा कारकून आला की म्हणे, साहेब, तिकिटं फाटतात ती सगळी तिकडे, इकडे नुसतं कापड टांगलंय. धाकट्यांचा आला की म्हणे, खेळ तर पलीकडे, इथं माणसं नुसती बसलीत. बसायला कसली जकात?

आणि तिकीट? ते रोज वाढत होतं. लोभी सेठाचा खेळ पाहायला!

*

बायकांची जागा पडद्यामागे होती. पडदा पाण्यानं भिजवत, म्हणजे चित्र मागूनही दिसे, फक्त उलटं.

माझी काशीआत्या तिथं बसली होती. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आमचं घर तिनंच उभं ठेवलं. पै पै जोडून तिनं कस्तूरचंद सेठाच्या पेढीवर ठेव ठेवली होती, माझ्या सुंदरीच्या लग्नासाठी. लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. त्या ठेवीखेरीज आमच्यापाशी लग्नाला दुसरं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

खेळात एका ठिकाणी सेठ चारचौघांसमोर एका भिकारणीला दान देतो. घरी आल्यावर आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "मेल्यानं डाव्या हातानं दान दिलं रे. तिथंच ओळखावं."

मी म्हटलं, आत्या, उजव्या हातानं दिलं, आम्ही समोरून पाहिलं.

"समोरून काय, तुम्हाला दाखवायलाच दिलं होतं त्यानं," आत्या म्हणाली आणि चूल सारवायला बसली.

*

आता खरी गंमत. गंमत कसली, पुढे बाजाराच्या अंगाशीच आली.

आमच्या बाजारचा रिवाज असा की पेढी बुडाली म्हणजे सेठ भरदिवसा दारात दिवा लावतो. तो दिवा दिसला की समजायचं, इथं आता मिळण्यासारखं काही नाही. तान्ह्या पोरालाही हे ठाऊक.

तर पडद्यावर विलायती सेठ टेबलाशी बसलेला. मागे खिडकीतून लख्ख ऊन येतंय आणि टेबलावर दिवा जळतोय! खेळ नुकता कुठं सुरू झालेला.

भगीरथ सेठ ताडकन उभे राहिले. रस्त्यापलीकडे धाकट्या पातीत त्यांची पेढी. भारदस्त माणूस, येणाऱ्याजाणाऱ्याला पान देणारा. "दिवसा दिवा," ते म्हणाले. "हा बुडाला."

काठीवाला हसला. बैठो सेठ, ये साहेब लोगों का रिवाज है, असं म्हणाला. पण बाजार कुठला बसतो! पडद्यावर एक म्हातारी आपली थैली त्या सेठाच्या हाती द्यायला निघाली आणि अख्खा तंबू तिला ओरडून सांगू लागला, "मत दे माई, मत दे!" म्हातारीनं दिली. माझ्या पुढचा हलवाई डोळे पुसू लागला.

शेवटी पडद्यावर तिजोरी उघडली. आत काही नाही. काठीवाला आमच्याकडे असा पाहायला लागला, जणू आम्ही खेळ आधीच चोरून पाहिला होता. आणि भगीरथ सेठांनी तंबूबाहेर उभं राहून लोभावर असं काही प्रवचन दिलं की लोक त्यांच्या पाया पडले.

*

खेळ गेला, दिवा मागे राहिला.

कस्तूरचंद सेठ माणूस रुक्ष. हसणं नाही, पान नाही. त्यांनी इंदूरहून काचेच्या गोळ्याचा नवा घासलेटचा दिवा मागवला. मुनीमजींनी तो पेटीतून काढला, तेल गळतं का पाहावं म्हणून भरला, आणि पेढीच्या उंबऱ्यावर ठेवून पेटवला. भरदुपारी.

वात सारखी करून मुनीमजींनी मान वर केली, तोवर समोर माणसं थांबलेली. थोड्या वेळात रस्ता दिसेना. मुनीमजी घसा फोडून सांगत होते की दिवा नवा आहे, तपासतोय. आठवड्यापूर्वी तंबूत दिवाळं डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांना हे पटेल? सोनकच्छहून बाजाराला आलेले शेतकरीसुद्धा बैल सोडून रांगेत उभे राहिले.

मुनीमजी दिवा विझवायला वाकले. कस्तूरचंद म्हणाले, "राहू दे. आता विझवला तर म्हणतील लपवला."

आणि ते गादीवर बसून देत सुटले. जो मागेल त्याला. देण्याआधी प्रत्येकाला पाणी विचारत. लोक पाणी पीत, पैसे घेत आणि तसेच रस्ता ओलांडून भगीरथ सेठांच्या पेढीवर जात. तिथं पानाचं तबक तयारच होतं.

*

त्या भगीरथ सेठांचं आताच सांगून टाकतो. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांची पेढी उघडली नाही. घराला कुलूप. माणसं, भांडी, गाय, काही नाही. थोरल्या पातीचे लोक रस्त्याच्या या कडेला उभे राहून पाहत होते. फिर्याद कोणत्या राज्यात करायची हेही कळेना.

दारात दिवा लावलेला नव्हता. रिवाज पाळायला माणूस तरी हवा ना मागे.

गर्दीत एक म्हातारी होती. ती ज्याला त्याला एकच विचारत होती, "पण तंबूत तर हेच उठले होते ना?"

*

आता त्या दिव्याच्या दिवशीची संध्याकाळ.

मीच आत्याला पेढीवर ओढून नेलं होतं. मी पुढे रांगेत, आणि ती मागच्या दारानं आत सेठाणीपाशी जाऊन बसली. दुपारभर तिथंच, गादीच्या पाठीमागे, पडद्याआड. तिनं आत काय पाहिलं, काय ऐकलं, ते तिनं मला कधीही सांगितलं नाही. मी पुष्कळदा विचारलं.

माझा नंबर आला तेव्हा रांग सरत आली होती. कस्तूरचंदांनी मला पाणी विचारलं आणि आत्याची ठेव थैलीत घालून दिली. मी थैली छातीशी धरली. सुंदरीचं लग्न माझ्या हातात होतं. रस्त्यापलीकडून भगीरथ सेठ मला हात करत होते, या, या.

एवढ्यात अंधारलं आणि बाजारात एकेका दुकानी दिवे लागायला लागले. उंबऱ्यावरचा तो दिवा आता बाकीच्या दिव्यांसारखाच दिसू लागला. मुनीमजी तो विझवायला पुन्हा वाकले.

आतून आत्या बाहेर आली. माझ्या हातातून तिनं थैली घेतली आणि पुन्हा ठेव म्हणून गादीवर ठेवली.

कस्तूरचंदांनी थैली तिच्याकडे परत सारली. मग म्हणाले, "काशीबाई, तुमची तर दिली."

आत्या म्हणाली, "दिवा राहू द्या. त्याच्याच उजेडात मोजून घ्या सेठजी, आणि हिशेब तेवढा खरा मांडा."