महागाई मोजणारी पिशवी

दारव्हा तालुक्यात महागाई किती वाढली हे सरकारच्याही आधी माझ्या साडूंना कळत असे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. नोकरी पोस्टात, बचतीच्या खिडकीवर. ठेव घ्यायची आणि पावती देता देता "व्याज मिळन, पण त्यातलं महागाई किती खाईन तेही धरा" असं सांगून ठेवीदाराचा चेहरा पाडायचा, हा त्यांचा नेम. साहेबांनी समज दिली तेव्हा म्हणाले, "खोटं काय बोललो ते सांगा."

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आठवडी बाजारातून जे सामान आणलं, त्याची यादी त्यांनी जपून ठेवली होती. दर संक्रांतीला तेच सामान, तितकंच, त्याच दुकानांतून आणायचं आणि पिशवी किती रुपयांत भरली ते वहीत लिहायचं. यादीत तूरडाळ, गूळ, मिरची होती, तशी कंदिलाची काचही होती. घरात वीज येऊन जमाना लोटला, तरी काच दरवर्षी येई. माझी मेहुणी वैतागून म्हणे, "माळ्यावर पाय ठेवायले जागा नाही." मी एकदा काच वगळायचं सुचवलं, तर नापास पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यादी बदलली त तुलना कायची, गुरुजी?"

नेरच्या एका कापूस व्यापाऱ्याने ठेवीचे पैसे दुप्पट झाले म्हणून पेढे वाटले. साडूंनी पेढा खाल्ला, वही उघडली आणि विचारलं, "तवा त्या पैशात पिशवी कितीदा भरे? आता दुपटीत कितीदा भरते?" हिशेब केला तर पिशवी जवळजवळ तितक्याच वेळा भरत होती. व्यापारी उरलेले पेढे घेऊन निघून गेला. दुसरे एक नातेवाईक सगळी पुंजी प्लॉटमध्ये घालून मिरवत होते. "पोराले ताप आला त डॉक्टरले प्लॉटचा कोपरा कापून देता का?" एवढंच विचारून साडू चहा प्यायला लागले. लोक चिडत, आणि नवी ठेव ठेवताना गुपचूप त्यांनाच विचारायला येत.

मग गुडघे गेले. पुण्याच्या मुलीनं आईबापांना घेऊन जायचं ठरवलं. साडूंची शेवटपर्यंत एकच हरकत, की बाजार बदलला तर वहीला अर्थ नाही. "बाबा, तिथंही डाळ मिळते," मुलगी हसून म्हणाली. त्यांना गाव सोडवत नव्हतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि कुणीच बोललं नाही, मीसुद्धा. त्याचं मला आजही वाईट वाटतं. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "जुन्याच दुकानातून घेजा, गुरुजी."

यंदा संक्रांतीला मी पिशवी भरायला घेतली, बाजारातूनच त्यांना फोन लावला आणि भाव वाचू लागलो. डाळीवरच त्यांनी मला थांबवलं.

"ते राहू द्या. मिरचीवाली बसली हाय का? माह्यं इचारलं का तिनं?"

तिनं विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणालो. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. ती तांड्यावरची म्हातारी. वर्षानुवर्षं साडू तिच्याचकडून मिरची घेत. तिच्यापुढे जाऊन सांगितलं, पोस्टातले बाबा तुमची चौकशी करत होते. तिनं तागडी खाली ठेवली.

"हायत का? मले वाटलं, गेले. म्हणून कोणाले इचारलंच नाही."

मी पुन्हा फोन लावला आणि तिच्या हातात दिला. मिरचीचा भाव त्या दिवशी वहीत लिहायचा राहून गेला.