बाळंतिणीची खोली आणि तीन कोटेशनं

विहीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "ताई, मे महिन्यातलं बाळंतपण आहे हो. तिकडे कूलरवर कसं निभेल तिचं? इथे आमच्याकडे दोन्ही खोल्यांत एसी आहे. पहिलीच खेप आहे, इथेच होऊ द्या की." बोलणं गोड, काळजी खरी, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात. वरून त्यांना माझं उत्तर ऐकूच गेलं नाही, कारण मागच्या खिडकीत आमचा कूलर घरघरत होता. "काय म्हणता? ताई, तो तुमचा कूलर बंद करा आधी!" असं त्या दोनदा ओरडल्या, आणि मी बंद करून येईपर्यंत त्यांचा फोन कटला होता.

लेक नागपूरला दिलेली. पांढुर्ण्याहून नागपूर काय, सकाळचा डबा करून निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही, ते असतंच. लग्न झालं त्याच वर्षी मी मधली खोली मनात तिच्यासाठी राखून ठेवली होती. मग लेकीचा स्वतःचा फोन आला, हळू आवाजात. "आई, मला तिकडेच यायचं आहे गं. पण सासूबाई काळजीनं म्हणून राहिल्या, त्यांना तोंडावर नाही कसं म्हणू? तू घर गार कर, बाकीचं मी पाहते."

ठरलं असं, की चैत्रात आमच्या घरी डोहाळजेवण करायचं, त्याला विहीणबाई येतील, घर पाहतील, आणि पटलं तर लेकीला ठेवून जातील. नाही पटलं तर त्याच गाडीनं परत नेतील. हे दुसरं वाक्य कोणी बोललं नाही, पण मला बरोबर ऐकू आलं.

आता आमच्या कूलरबद्दल सांगते. लोखंडी, माणसाच्या छातीएवढा उंच, लेक जन्मली त्या उन्हाळ्यात ह्यांनी म्हणजे आमच्या घरधन्यांनी ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला. गारवा द्यायचा, नाही असं नाही. पण बूड सडलेलं, खाली कायम एक परात ठेवलेली, आणि आवाज असा की टीव्हीवरच्या बातम्या आम्ही नुसत्या बघायचो. दर मार्चमध्ये हे बुडाला डांबर फासायचे, बाजूच्या जाळीच्या ताट्यांत नवीन गवत भरायचे आणि म्हणायचे, "अजून दहा वर्षं हलत नाही." मी म्हटलं, "यंदा तो नाही हलला तर मी हलते." ह्यांचं बियाणं-खताचं दुकान आहे, गिऱ्हाइकाचा रागरंग ओळखायची सवय आहे. दुसऱ्याच दिवशी कोटेशन घ्यायला सुरुवात झाली.

पहिला आला तो इथलाच, बाजारातला. दारात उभा राहूनच म्हणाला, "दीड टन. बिनधास्त." मी म्हटलं, "अहो, खोली तर पाहा." तर म्हणे, "मॅडम, पांढुर्ण्यातल्या साऱ्या खोल्या मले माहीत आहेत." चहा प्याला, पोहे खाल्ले, जुना कूलर भंगारात नेतो म्हणाला आणि गेला. मला असले लोक अजिबात चालत नाहीत.

दुसरा सौंसरचा. हा मात्र टेप घेऊन आला, भिंती मोजल्या, ऊन कुठून येतं ते विचारलं, छतावर जाऊन आला. मग म्हणाला की मागची खिडकी कायमची बंद करावी लागेल, वरचा झरोका बुजवावा लागेल, दाराखाली रबर लावावा लागेल. "खोली डब्यासारखी बंद पाहिजे मॅडम, मग पाहा गारवा." हे तर खूशच झाले. माणूस अभ्यासू आहे, असं त्याच्यासमोरच दोनदा म्हणाले. मलाही पटला. उद्या होकार कळवायचा ठरवून मी निवांत झोपलेसुद्धा.

आणि सकाळच्या बसनं माझी आई आली. आई सौंसरला माझ्या भावाकडे असते, त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच केली, आता नातीचंही तीच करणार होती. बसमधून उतरली ती हातात पिशवी आणि मागे कंडक्टरच्या डोक्यावर एक पोतं. पोत्यात काय, तर गोवऱ्या! म्हटलं, "आई, अगं पांढुर्ण्यात गोवऱ्या नाही मिळत का?" तर म्हणाली, "तुमच्या इथच्या गोवऱ्या धूर करतेत. ह्या आपल्या गाईच्या हायेत."

घरात आली, पाणी प्यायली, मधल्या खोलीत शिरली. मी मोठ्या हौसेनं दाखवत सुटले, इथे एसी लागेल, ही खिडकी बंद होईल, तो झरोका बुजवू. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग बाजेकडे बोट करून विचारलं, "अन् बाजेखालची शेगडी?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. तिचा प्रश्न संपायच्या आत मला उत्तर दिसलं. डब्यासारखी बंद खोली, आणि तिच्यात गोवरीचा विस्तव! मायलेकरं गुदमरतील की. डोहाळजेवणाला घर गार हवं, एवढंच डोक्यात धरून मी पळत सुटले होते. त्यानंतरचा सव्वा महिना, तो शेक, ती ओवा-बाळंतशोपांची धुरी, हे सगळं विसरलेच होते मी. स्वतः ह्याच खोलीत दोनदा शेक घेतलेली बाई!

"शेक नको आता," हे म्हणाले. "आजकाल कोण घेतं?" आईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. जावयाला ती कधी बोलत नाही, पाहते फक्त. हे लगेच दुकानात गेले.

मी लेकीला फोन लावला, म्हटलं तूच सांग बाई. ती म्हणाली, "डॉक्टरांनी हलका शेक चालेल म्हटलं आहे, खोलीत हवा खेळती पाहिजे फक्त. आणि आई, मला आजीचा शेक पाहिजेच. ती शेकताना जे बोलत असते ना, तुझ्या लहानपणीचं, मामाचं, ते मला ऐकायचं आहे." झालं. म्हणजे आता घर गारही पाहिजे होतं आणि गरमही.

सौंसरवाल्याला पुन्हा बोलावलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मॅडम, गरम-थंड दोन्ही करणारा एसी येते. बटन दाबलं की गरम हवा. शेगडीची गरजच नाही." मला वाटलं, सुटलो बुवा! आई कोपऱ्यात ओवा निवडत बसली होती. तिनं मान वर केली. "बरं हाय भाऊ. पण त्यात ओवा कुठं टाकू?" तो बिचारा एकदा आईकडे, एकदा टेपकडे पाहून राहिला. मग तोही हसला, मीही हसले, आणि तो चहा पिऊन निघाला.

तिसरा आला तो बोरगावचा. कारखान्यांच्या शेडमध्ये वारा खेळवायचं काम करतो, घरांची कामं कमीच. त्याला मी पोहे द्यायच्या आधीच दारात विचारलं, "भाऊ, शेगडी पेटवायची आहे, खिडकी उघडी राहणार आहे आणि घर गार पाहिजे. जमेल का? नाही जमत तर चहा घ्या आणि जा." तो म्हणाला, "खिडकी उघडीच पाहिजे जी. बंद असली तं माझं कामच नाही चालत." त्यानं समजावून सांगितलं. मोठा कूलर वर गच्चीवर बसेल, तिथून पत्र्याचं नळकांडं खाली येईल, प्रत्येक खोलीत त्याचं एक तोंड आणि त्या तोंडाला शटर. शटर उघडलं की वारा, लावलं की बंद. आत आलेला वारा खिडकीतून बाहेर निघाला पाहिजे, म्हणून खिडक्या उघड्या. "बाळंतीण यायच्या आधी तिच्या खोलीतलं शटर उघडं ठेवा, मग लावून टाका. बाकी घर गारच राहीन. अन् आवाज सारा गच्चीवर."

आईनं उठून स्वतः त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. मला कळलं, तिचं ठरलं.

पण ह्यांचा चेहरा उतरला. "अगं, विहीणबाई कूलर नको म्हणून राहिल्या, आणि आपण परत कूलरच लावून राहिलो. आधीच्यापेक्षा मोठा!" बोलणं खोटं नव्हतं. मलाही धाकधूक होतीच. एसी दिसला असता तर त्यांनी घर पाहताक्षणीच हो म्हटलं असतं. छताजवळच्या एका जाळीच्या चौकोनाकडे बोट दाखवून मी त्यांना काय पटवणार होते? लेक त्याच गाडीत परत बसून जाताना मला डोळ्यांसमोर दिसत होती. तरी मी म्हटलं, "बाळंतपण माझ्या घरात आहे. बोरगाववाल्याला सांगा, काम सुरू कर."

भिंती फोडल्या, घरभर चुना, माझी चिडचिड, सगळं यथासांग झालं. जुना कूलर खिडकीतून काढून मागच्या ओसरीत ठेवला. तिघांपैकी कोणालाही हे तो भंगाराच्या भावात द्यायला तयार नव्हते. "चालू वस्तू आहे," एवढंच पालुपद.

डोहाळजेवणाच्या दिवशी ऊन असं तापलं होतं की बाया दारापर्यंत येईतो लाल झाल्या. विहीणबाई आत आल्या, पदरानं मान पुसली, आणि थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "एसी कुठे लावला, ताई?" मी म्हटलं, "नाही लावला. तो वरचा कूलर आहे." मान वर करून जाळी पाहत त्या लेकीजवळ जाऊन बसल्या. ओटी भरली, फोटो झाले, जेवणं झाली. पुरणपोळ्या चांगल्या चेपून विहीणबाई त्या जाळीच्या खाली, चटईवर जरा टेकते म्हणून आडव्या झाल्या. आणि काय सांगू, घोरायला लागल्या! अगदी तोंड उघडं टाकून. आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होतो, लेक तर पोट धरून हसत होती, मी तिला दटावलं की हळू गं, आठवा महिना आहे.

चहाच्या वेळेला उठल्या. केस सारखे केले आणि म्हणाल्या, "एसीत माझे गुडघे धरतात हो ताई. इथं काय छान डोळा लागला." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "तुझे बाकीचे कपडे उद्या पाठवून देते." मी स्वयंपाकघरात गेले आणि डब्यांकडे तोंड करून रडले. आनंदानं रडायला काय वेळ लागतो!

मे महिन्यात नात झाली. गोरी नाही, सावळी नाही, नुसती लाल. दवाखान्यातून घरी आणली, मधल्या खोलीतलं शटर लावलं, खिडकी उघडली, आणि आईनं बाजेखाली तिची शेगडी मांडली. बाहेर बैठकीत गार वारा आणि त्या खोलीत ओव्याचा वास. "आजी, भाजून काढून राहिली तू मले," लेक आतून ओरडायची. नागपूरची झालेली पोरगी, आजीजवळ आली की आमची व्हायची.

एकच अडचण होती. पोरगी दुपारची झोपायची नाही. मांडीवर घ्या, खांद्यावर घ्या, झोळीत टाका, डोळे टक्क उघडे, आणि मग टाहो. घर नवीन कूलरनं शांत झालेलं, म्हणून तो टाहो सगळ्या आळीत जायचा.

अशाच एका दुपारी ह्यांनी तिगावचा एक माणूस जुना कूलर विकत घ्यायला आणला. आत पोर रडून राहिली, लेक रडकुंडीला आलेली, आणि ह्यांना त्या माणसाला कूलर चालू करून दाखवायचा होता! ओसरीत त्यांनी बटन दाबलं. तीच घरघर, तोच खडखड, पत्रा थरथरतोय. मी भडकून बाहेर धावले. "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? पोर झोपत नाही आणि तुम्ही..." तेवढ्यात आई मागून आली आणि माझा दंड धरला. "चूप. आयक."

आतून रडणं बंद झालं होतं. मी खिडकीतून डोकावले. लेकीच्या मांडीवर नात गाढ झोपली होती. आणि लेकही भिंतीला टेकून झोपली होती, अगदी लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी झोपायची तशी. त्याच आवाजात.

तिगाववाल्यानं विचारलं, "मंग, उचलू का भाऊ?" हे म्हणाले, "चहा घ्या. कूलर विकायचा नाही." त्याला काही समजलं नाही, चहा मात्र त्यानं दोनदा घेतला. त्यानंतर रोज दुपारी, पाणी न भरता, नुसता आवाजासाठी कूलर लागायचा. आळीतल्या बाया विचारायच्या, हा कोरडा कूलर कायले? मी सांगायचे, आमच्या नातीची अंगाई आहे.

पोळ्याच्या आधी, गोटमारीनं, म्हणजे आमच्या गावच्या दगडफेकीच्या जत्रेनं, रस्ते बंद व्हायच्या आत, लेक नातीला घेऊन सासरी गेली. घर इतकं रिकामं झालं की बोलायची सोय नाही. मी ओसरीतल्या कूलरवर जुनी चादर टाकून ठेवली.

थंडी पडली. एका दुपारी मी शाल पांघरून वह्या तपासत बसले होते, तर विहीणबाईंचा फोन. मागे नातीचा टाहो. "ताई," त्या घाईत म्हणाल्या, "तेवढा तुमचा कूलर लावा हो जरा. फोन त्याच्याजवळ धरा."

मी चादर ओढून फेकली आणि बटन दाबलं. थंडीच्या दिवसात अंगावर तो वारा, मी कुडकुडत एका हातानं शाल आणि दुसऱ्या हातानं फोन धरून उभी. टाहो हळूहळू बारीक झाला, मग हुंदका, मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं विहीणबाई कुजबुजल्या, "झोपली हो." मग आणखी हळू, "ताई, बंद नका करू इतक्यात. बाजूला सूनही झोपली आहे."